पहिला दाब

त्या बाईला वाटलं, ओळखीच्या कुणीतरी मागून पाठीवर हात ठेवला. ती वळली ती हसतच वळली. "कोण गं?" म्हणून बघते तर पाठीशी मोटारीचं पितळी तोंड. "अगं बया, मोटार हाय व्हय!" असं म्हणून ती आणखी मोठ्यानं हसली, डोक्यावरची पाटी सावरली आणि भाजीबाजाराच्या गर्दीत शिरली. आजूबाजूची दोन-चार माणसंही हसली. बारामतीचा गुरुवारचा बाजार पुन्हा वाहू लागला. कुणाला काही लागलं नाही, काही सांडलं नाही, पाटीतली मेथीची जुडीसुद्धा हलली नाही. फक्त मोटारीत चाक धरून बसलेल्या मुक्ताबाईचा उजवा पाय ब्रेकवर पार तळाला टेकलेला होता आणि तो तिला उचलता येईना. ब्रेक तिनं कधीच दाबला होता. ती बाई दिसली तेव्हाच, पुरेशा अंतरावरून, सगळा जोर लावून दाबला होता. तरी मोटार चालत राहिली. हळूहळू, जणू तिला ऐकू आलं नव्हतं, किंवा ऐकून तिनं मनावर घेतलं नव्हतं. तो तेवढा वेळ मुक्ताबाईच्या अंगात शिरून बसला. त्या वेळात तिला बाईच्या चोळीच्या पाठीवरचा ठिगळाचा चौकोन दिसत होता, घामानं चिकटलेले केस दिसत होते, आणि चाक धरलेले आपलेच हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे दिसत होते. शेजारी बसलेल्या नवऱ्याचा, जोतीरामचा, ताठ झालेला पाय मोटारीच्या तळाची फळी दाबत होता. तिथं ब्रेक नव्हता. त्याच्या बाजूला कधीच नव्हता.

परतीच्या वाटेवर मागच्या बाजूला रिकाम्या पाट्या एकमेकींवर आपटत होत्या. मुक्ताबाई पहिल्या गियरवर मोटार रखडत नेत होती आणि मागून येणारी बैलगाडीही पुढं निघून जात होती. चपला काढूनच ती चालवायची. अनवाणी तळव्याला लोखंडाचं कळायचं, चपलेला कळत नसे. आता तोच तळवा तिला परका वाटत होता. जोतीरामनं ही मोटार घेतली ती कारखान्यातली नोकरी सोडून वालचंदनगरहून चाललेल्या एका साहेबाकडून. कळसच्या मळ्यातली वांगी, टोमॅटो, पेरू दुपार व्हायच्या आत बारामतीच्या बाजारात पोचले तर ताजे राहतात, बैलगाडीनं गेले की सुकतात, एवढा साधा त्याचा विचार. वर्षभर त्यानंच चालवली. मग विहिरीचं काम चालू असताना दरड ढासळली, त्यात गुडघा गेला. पाय राहिला, पण वाकेना. त्यानंतर मोटार गोठ्याशेजारी पेंढ्याच्या सावलीत उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. एके दिवशी त्यानं मुक्ताबाईला म्हटलं होतं, "अगं, ये, बस हितं." ती म्हणाली, "कुठं?" तो म्हणाला, "माझ्या जागंवर." ते शब्द तिनं कुणाला सांगितले नाहीत. तिला ते अंगावरच्या दागिन्यासारखे होते, पण पदराआड घालायच्या दागिन्यासारखे. त्यानं शेजारी बसून शिकवलं, रिकाम्या माळावर गोल गोल फिरवलं. सुरुवातीला माणसं कुंपणावर चढून बघायची. पुढं कुणी बघेनासं झालं. अडलेल्या बाळंतिणीला इंदापूरच्या दवाखान्यात न्यायचं तर माणसं तिच्याच दाराशी येत. आणि आज त्या बाईच्या पाठीवर मोटारीनं हात ठेवला होता.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. थोरले दीर आप्पासाहेब ओट्यावर उभेच होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. तो न चढल्यामुळेच घरातलं कुणी त्यांच्यापुढं बोलत नसे.

"ऐकलं म्या," ते म्हणाले. "बाईला लागलं का?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला.

"आज न्हाय. जोती, वालचंदनगरात एक ड्रायव्हर हाय. माणूस दणकट हाय. त्याला ठेवू, न्हायतर मोटार काढून टाकू. बाईमाणसाच्या पायात किती जोर असायचा? तिचा काय दोष म्हणत न्हाय मी. देवानं पायच तेवढा दिला."

जोतीराम मुक्ताबाईकडं बघत राहिला. तिनं काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला होता हे कळूनही ती चपला उचलून आत गेली. कारण आप्पासाहेब म्हणाले तेच बाजारापासून ती स्वतःला विचारत आली होती. पाय की ब्रेक?

दुसऱ्या दिवशी ती वांग्याच्या वाफ्यात खुरपत होती तरी तेच. पाय की ब्रेक. ओल्या मातीत तिनं उजवा पाय दाबून बघितला. मातीत तो खोल उमटला, टाचेसकट. मग डावा दाबला. तोही तसाच. एवढ्याशा बाईचा पाय, बोटं पसरलेली, लहानपणापासून चपलेवाचून चाललेला. वरकुट्याला माहेरी तिचं नाव नकोशी होतं. तिसरी मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. मुक्ता हे लग्नातलं. मुलगा नाही म्हणून बापानं मोटेवर तिलाच बसवलं होतं. बैल धावेचा उतार उतरायचे, त्यांच्या वजनानं मोट विहिरीतून वर यायची, विहिरीकाठच्या थारोळ्यात भळाळा रिती व्हायची, आणि नेमकं तेव्हा बैलांना थांबवायचं. लहानगी नकोशी मोटेच्या दोरावर, नाड्यावर, बसून उतारानं खाली जायची. दोन बैलांच्या पुढं तिचं वजन ते काय? तिनं सगळा जोर लावून कासरा ओढला असता तरी बैलांना पाठीवर माशी बसल्यासारखं झालं असतं. पण बैल थांबायचे. बाप सांगायचा, ओढू नकोस पोरी, कळव. बैल ऐकणारा असला की नुसतं कळवलं तरी पुरतं. आणि एक म्हातारा बैल होता, बहिरा झालेला, त्याला कितीही कळवलं तरी तो आपल्या मनानं थांबायचा. मोट वरच्या चाकावर आदळायची, पाणी उडायचं, बाप शिव्या द्यायचा. त्या शिव्या बैलाला असायच्या. तिला कधीच नव्हत्या. खुरपं हातात तसंच राहिलं. वाफ्यातून ती उठली. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या अंधारीत तिला एकदम स्वच्छ दिसलं, की काल पाय ठीक होता. तिनं वेळेवर कळवलं होतं. ऐकणारं तिथं कुणी नव्हतं.

ती तशीच, मातीच्या हातांनी, जोतीरामपुढं जाऊन उभी राहिली. "आवं, मोटारीच्या ब्रेकला आत काय असतं?"

तो पेरूच्या पाट्यांची तोंडं शिवत होता. आनंदानं त्याचा चेहरा असा उजळला की तिला वाटलं, हा कालपासून याच प्रश्नाची वाट बघत बसला होता. "चाकाच्या आत लोखंडाचा डबा असतो," तो म्हणाला, "त्याला आतून पट्टा घासतो. साहेबानं घेतली तवापासनं तेच पट्टे असतील. उद्या बारामतीला जाऊ, मानसिंग मिस्त्रीकडं."

बारामतीला ती मोटार घेऊनच गेली, मागं पेरूच्या पाट्या टाकून. माणूस लांबून दिसलं तरी गियर उतरवत, हाताचा ब्रेक ओढत, जीव मुठीत धरून. आप्पासाहेब त्या मोटारीत बसले नाहीत. ते प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं आले. वालचंदनगरच्या ड्रायव्हरला त्यांनी निरोप धाडला होताच. निकाल आपल्यासमोर लागावा अशी त्यांची इच्छा होती. मानसिंग मिस्त्रीचं दुकान कऱ्हा नदीच्या पुलाकडच्या अंगाला होतं. त्यानं चाक उतरवलं, डबा काढला आणि जुना पट्टा मुक्ताबाईच्या हातात दिला. ती त्यावरून बोट फिरवत राहिली. इतका गुळगुळीत, इतका थंड. घासून घासून काचेसारखा झालेला. नदीतल्या गोट्यासारखा. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं. तो बहिरा बैल तिच्या हातात होता.

"आता नवं कोणतं घालायचं ते सांगा," मानसिंग म्हणाला. त्यानं बाकावर दोन पट्टे ठेवले. एक काळा, गुळगुळीत, दगडासारखा कडक. दुसरा करड्या रंगाचा, जाड विणीचा, आत पितळेची तार गुंफलेली. उन्हात ती तार चमकत होती. "ह्यो कडक. पुण्यात शर्यतीच्या मोटारींना ह्योच घालतात. घाटात कितीबी तापू द्या, सोडायचा न्हाय. टिकतो बी लई. ह्यो तारेचा. मऊ हाय. लवकर घासतो, सारखा आवळाय लागतो."

"कडकच घाल," आप्पासाहेब म्हणाले. "घालायचं तर चांगलं घालावं. आणि वर दणकट माणूस बसवावा. म्हंजे काळजी मिटली."

मानसिंगनं मान हलवली. त्याचंही मत तेच होतं. जोतीराम काठीवर रेलून उभा होता. तो म्हणाला, "चालवायची तिला हाय. तिला ठरवू द्या." थोरल्या भावासमोर एवढं बोलल्यावर तो घामेजला आणि रस्त्याकडं बघू लागला.

मुक्ताबाईनं एकेक पट्टा उचलून तळहातावर घेतला. कडक पट्टा खरोखर देखणा होता. त्याच्या कडा धारदार होत्या, आणि हातात धरला की आपण कुणीतरी बलदंड आहोत असं वाटत होतं. पुणं, शर्यत, घाट. तिनं घाट बघितला नव्हता. तिला तो हवासा वाटला, हे तिनं स्वतःशी लपवलं नाही. नवं लुगडं हवंसं वाटावं तसा वाटला. "ह्यो लागतो कसा ते बघाय मिळंल का?" तिनं विचारलं.

मानसिंग हसला. एका ठेकेदाराच्या मोटारीला त्यानं नुकतेच तेच पट्टे बसवले होते आणि एक फेरी मारून बघायचीच होती. "बसा वैनी," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो."

इंदापूरच्या रस्त्याला लागल्यावर दूरवर रस्त्याकडेला एक लिंबाचं झाड होतं. त्याच्याजवळ आल्यावर मुक्ताबाईनं ब्रेक दाबला. पाय तळाला गेला, मांडी ताणली, पाठ मागच्या गादीत रुतली. मोटार लिंबाला मागं टाकून बरीच पुढं जाऊन थांबली. परवा भाजीबाजारात चालत राहिली होती तशीच. "अजून थंड हाय," मानसिंग म्हणाला. "आणखी दाबा. चालवा, दाबा, चालवा." तिनं तसं केलं. पुन्हा, पुन्हा. आणि मग एकाएकी चाकांनी रस्ता असा पकडला की तिचा पदर पुढं उडाला. जळक्याचा वास आला. काय ती पकड! तिला ओरडावंसं वाटलं. मानसिंग अभिमानानं म्हणाला, "बघितलं?" तिनं बघितलं होतं. परतताना ती बघितलेलं उलगडत राहिली. कळसहून निघाल्यावर पहिला ब्रेक कुठं लागतो? सरळ मोकळा रस्ता. कितीतरी वेळ काहीच आडवं येत नाही. आणि मग कुणाचं तरी कुत्रं, पाण्याला निघालेली बाई, कासरा सोडलेलं वासरू. एकदाच दाबायचं. त्याच्या आधी चार वेळा दाबून तापवायला कुणी सांगत नाही. वासरू थांबून राहत नाही, म्हणत नाही की तुझे पट्टे तापू देत, मग मी येतो. घाटात उतरणाऱ्याचा दहावा दाब खरा असेल. तिच्या रस्त्यावर प्रत्येक दाब पहिलाच होता.

दुकानाशी उतरली ती सरळ बाकाकडं गेली. करडा पट्टा तिनं उचलला. विणीवरून बोट फिरवलं, तार बोटाला किंचित टोचली. "ह्यो घाला."

"अहो वैनी, वर्ष न्हाय टिकायचा," मानसिंग म्हणाला. "घासून जाईल."

"घासू दे. त्याचं कामच हाय घासायचं. पण गार असताना धरतो ना?"

मानसिंगनं दोन्ही पट्ट्यांकडं बघितलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "धरतो. गार असतानाच चांगला धरतो. पाय बी हलका चालतो. पण ओढ्यातनं निघालात की भिजतो, तेवढं सांभाळा. पाण्यातनं बाहेर आल्यावर जरा दाबत दाबत चालवायची, सुकवायचा."

"सुकवीन."

"आणि आवळायचा?" आप्पासाहेबांनी विचारलं. "दर बाजाराला हितं येऊन बसणार का?"

"हितं कशाला?" ती म्हणाली. ती आप्पासाहेबांच्या डोळ्यांकडं बघून बोलत होती हे तिला बोलताना कळलं नाही. "आवळाय शिकून घेते आत्ताच. मानसिंगभाऊ, दाखवा."

मग ती तिथं जमिनीवर बसली. लुगड्याचा काचा आवळून, पदर खोचून, चाकाच्या आत डोकं घालून. पट्टे बसताना तिनं एकेक खिळा ठोकलेला बघितला. आवळायच्या चौकोनी खुंटीला पाना कसा लावायचा, किती फिरवला की पट्टा डब्याला लागतो, किती मागं घेतला की चाक मोकळं फिरतं, हे तिनं हातानं करून बघितलं. चाक फिरवलं की आतून हलकी सरसर ऐकू येई. ती सरसर तिनं कानात भरून घेतली. जोतीराम तिच्या शेजारी ताठ पाय पसरून बसला होता आणि दोघं एकाच चाकात वाकून बघत होती. बाहेरून कुणाला ती दोघं पाटावर घुगऱ्या खायला बसल्यासारखी दिसली असती. हातांना काळं लागलं होतं. पाठ दुखत होती. आणि या सगळ्यात आपण सुखात आहोत, हे मुक्ताबाईला असं अचानक जाणवलं की पाना हातातून निसटून खणकन फरशीवर पडला.

दुपार कलती झाली तेव्हा ते निघाले. आप्पासाहेब या वेळी मोटारीत बसले, मागच्या बाजूला, दोन्ही हातांनी पुढच्या पाठीला घट्ट धरून. सर्व्हिस मोटार निघून गेली होती हे कारण त्यांनी दिलं. मानसिंगनं बजावल्याप्रमाणं मुक्ताबाई सुरुवातीला हळूहळू दाबत, पट्टे डब्याशी जुळवत चालली. मग दाबायचं थांबवलं. मोठा रस्ता सोडून कळसच्या बाजूला वळल्यावर उसाचे फड संपले आणि दोन्हीकडं उघडा माळ लागला. वाऱ्यानं पट्टे गार केले असतील, असं तिच्या मनात आलं. परीक्षा घेऊन बघावी का? रिकाम्या रस्त्यावर उगाच थांबून दाखवावं, आप्पासाहेबांना सांगावं, बघा? पण ते तिला पटेना. रिकाम्या रस्त्यावर बहिरा बैलही थांबला असता. त्यापेक्षा ती गाऊ लागली. ओठ न हलवता, आतल्या आत, मोटेवरचं कुठलंतरी. वरकुट्याकडचा बांधाचा उंचवटा आला. तो चढून मोटार पलीकडं उतरली आणि समोर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला होता.

उतार. मेंढरं रस्ताभर, बांधापासून बांधापर्यंत, आणि मधोमध धनगराची बाई, पाठीवर झोळी, झोळीत मूल. तिनं मान वर केली. तिचं तोंड उघडलेलं मुक्ताबाईनं बघितलं. मागून आप्पासाहेब ओरडले, "जोती!" आणि तिला त्यातही कळलं की घाबरल्यावर त्यांना धाकट्या भावाचं नाव आठवलं, देवाचं नाही. पाय आपोआप गेला. तळाला जावा लागला नाही. अर्ध्यात काहीतरी भेटलं. घट्ट, जिवंत, भिजलेल्या दोरासारखं. चारी चाकांनी एकदम मातीत पाय रोवले. पाट्या मागून धडधडत पुढं आल्या, जोतीरामचा हात समोरच्या फळीवर आपटला, धूळ उडून सगळं पांढरं झालं. आणि मग काहीच हललं नाही.

धूळ खाली बसली तेव्हा पहिलं मेंढरू मोटारीपासून चांगलं दोन बैलगाड्या मावतील एवढं लांब होतं. ते रस्त्यातलं गवत ओढत होतं. मोटारीकडं त्याचं लक्षही नव्हतं. धनगराची बाई झोळीतलं मूल छातीशी घेऊन उभी होती आणि पुढून तिचा नवरा काठी उगारत, शिव्या द्यायच्या तयारीनं पळत येत होता. जवळ आला, अंतर बघितलं, आणि काठी खाली घेतली. "आरं, थांबली की," तो म्हणाला. मग चाक धरलेली बाई बघून त्यानं मुंडासं मागं सारलं. "बाई हाईस व्हय तू? मर्दा, झ्याक थांबवलीस!"

"न्हे तुझी मेंढरं सावकाश," मुक्ताबाई म्हणाली. मेंढरं मोटारीच्या दोन्ही अंगांनी वाहू लागली. लोकरीचा ओला उबट वास, घुंगरांचा आवाज, शेकडो खुरांची मऊ टपटप. एका कोकरानं पायरीवर पुढचे पाय ठेवून आत डोकावलं आणि पुन्हा उतरून गेलं. त्या वाहत्या पांढऱ्या पाण्याच्या मधोमध मोटार बेटासारखी उभी होती, आणि तिला उभी करणारा पाय अजून ब्रेकवर होता. मुक्ताबाईनं तो हळूच उचलला. उचलता आला. तिला वाटलं रडू येतंय, पण बाहेर पडलं ते हसू होतं. मोठ्यांदा, दिरासमोर, पदर तोंडाला न लावता. जोतीराम हसू लागला. त्याची बोटं सोलवटली होती, ती झटकत तो हसत राहिला. आपला पाय तळाची फळी दाबायचं सोडून केव्हा सैल पडला होता हे त्याला माहीत नव्हतं; तिनं मात्र पाहिलं.

मागं आप्पासाहेब पाट्यांच्या राशीत अडकले होते. मांडीवर पाटीत उरलेल्या फुटक्या पेरूचा गर सांडलेला. त्यांनी पाट्या बाजूला केल्या, फेटा नीट केला, धोतर झटकलं. शेवटचं मेंढरू निघून गेल्यावर ते बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच न चढलेला होता.

"त्या ड्रायव्हरला नको म्हणून कळवतो."

"बरं," जोतीराम म्हणाला.

"सोमवारी मला इंदापूरला कचेरीत काम हाय," आप्पासाहेब म्हणाले. मग घसा साफ केला. हे ते जोतीरामला म्हणत नव्हते. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी काही मागितलं नव्हतं, सांगितलं होतं. "सकाळी न्हेशील का गं मला?"

मुक्ताबाईनं मोटार सुरू केली. समोर सगळा रस्ता मोकळा होता, उन्हात पिवळा, कळसपर्यंत.

"न्हेईन की," ती म्हणाली. "पण येळंवर या, आप्पासाहेब. मी कुणासाठी थांबायची न्हाय."